इसब असलेल्या मुलांची ॲलर्जी तपासणी : तालुक्यातले रक्ताचे पॅकेज आणि नागपूरची टोचणी चाचणी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात लहान मुलाच्या कोपरांच्या खोबणीत, गुडघ्यांच्या मागे किंवा गालांवर लाल, खाजरे चट्टे उठू लागले की आईबापांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे औषधाच्या दुकानातून अमुक मलम आणा आणि दुसरा म्हणजे ‘ॲलर्जीची टेस्ट’ करून घ्या. पहिल्या सल्ल्याविषयी पुढे लिहिणारच आहे, परंतु हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्याविषयी आहे. आमच्या धाकट्या मुलीच्या इसबासाठी आम्ही या तपासणीच्या दोन निरनिराळ्या सेवा घेतल्या. तालुक्याच्या गावी असलेल्या एका संकलन केंद्राचे रक्त तपासणीचे पॅकेज ही पहिली आणि नागपूरच्या एका खासगी बाल-ॲलर्जी दवाखान्यातील त्वचेवरची टोचणी चाचणी ही दुसरी. दोन्हींची नावे मी देत नाही. अशी केंद्रे आणि असे दवाखाने आता बऱ्याच ठिकाणी आहेत, आणि पैसे मोजण्यापूर्वी पालकांनी नेमके काय पाहावे हे कळणे नावापेक्षा महत्त्वाचे आहे.

संकलन केंद्राच्या सोयीविषयी तक्रार नाही. रक्त घेणाऱ्या मुलाचा हात हलका होता, लेकरू फारसे रडले नाही, आणि अहवाल सांगितलेल्या दिवशी मोबाइलवर आला. शिवाय या पद्धतीचे काही खरे फायदे आहेत. अंगभर इसब पसरलेले असेल आणि टोचायला निरोगी कातडीच शिल्लक नसेल, किंवा खाज थांबवणारे औषध बंद करणे शक्य नसेल, तर रक्तातील आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिद्रव्य) तपासणे हाच योग्य मार्ग असतो, कारण या तपासणीवर त्या औषधांचा परिणाम होत नाही. म्हणून रक्ताची चाचणी मुळातच वाईट आहे असे कोणी समजू नये.

आक्षेप आहे तो ती ज्या पद्धतीने विकली जाते त्याला. मुलीला काय होते, कधी होते, काय खाल्ल्यावर होते, यांपैकी एकही प्रश्न केंद्रात कोणी विचारला नाही. समोर फक्त दरपत्रक ठेवले गेले. जितके पदार्थ अधिक तितके पॅकेज मोठे, आणि सर्वांत मोठ्या पॅकेजची शिफारस सर्वांत आधी. साडेसात हजार रुपये भरल्यानंतर जो अहवाल आला, त्यात दूध, गहू, शेंगदाणा, तूर, हरभरा आणि अंडे अशा बऱ्याच नावांपुढे लाल खूण होती. एकूण आयजीई बाराशेच्या वर होते. अहवालाबरोबर एक छापील आहारपत्रक होते आणि त्यात लाल खुणेचे सर्व पदार्थ ‘वर्ज्य’ म्हणून लिहिले होते. ते पत्रक वाचून दाखवल्यावर मुलीची आजी म्हणाली, “दूध बंद, पोई बंद, वरन बंद, मंग लेकरानं खावं तरी काय बाप्पा?”

आजीचा हा प्रश्न कोणत्याही तज्ज्ञाने विचारावा असाच होता. विदर्भातील खेड्यात मुलाच्या ताटात असते काय? वरण-भात, पोळी किंवा भाकर, बेसन, शेंगदाण्याची चटणी, घरी दुभते जनावर असेल तर दूध. त्यातून वर्ज्य पदार्थ काढून टाकले तर उरतो भात आणि भाकर. शेजारच्या एका घरी अशाच पत्रकाबरहुकूम मुलाचे दूध आणि डाळी बंद झाल्या होत्या. काही महिन्यांनी अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावर त्याची रेघ खाली झुकू लागली, ती सेविकेने ओळखली आणि आईला गाठून सांगितले. इसब मात्र तसेच होते.

असे का घडते हे समजून घेतल्याशिवाय या पॅकेजचे मूल्यमापन करता येत नाही. आयजीई हे प्रतिद्रव्य रक्तात सापडणे म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे एवढेच. त्याला संवेदनशीलता म्हणतात. तो पदार्थ खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होणे म्हणजे ॲलर्जी. या दोहोंमध्ये किती अंतर असू शकते ते आपल्याच देशातील एका अभ्यासातून दिसते. कर्नाटकात बंगळुरू आणि म्हैसूर परिसरातील प्रौढांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्धचे आयजीई आढळले, परंतु अन्नाची संभाव्य ॲलर्जी होती ती फक्त १.२ टक्के लोकांना. इसब असलेल्या मुलांमध्ये तर एकूण आयजीईच वाढलेले असते, त्यामुळे बारीकसारीक लाल खुणा जागोजागी उमटतात. प्रयोगशाळा साधारणपणे ०.३५ या आकड्याच्या वर गेलेले सर्व काही ‘पॉझिटिव्ह’ दाखवते. आमच्या मुलीचा शेंगदाण्याचा आकडा ०.५ होता, दुधाचा ०.८, गव्हाचा १.१ आणि अंड्याचा ६.४. चौघांपुढे खूण सारख्याच लाल रंगाची होती. त्या चार आकड्यांचा अर्थ मात्र एकसारखा नव्हता, हे नंतर कळले.

सर्वांत गंभीर बाब अशी की पॅकेजमध्ये ‘फूड इनटॉलरन्स’ या नावाखाली आयजीजीची यादीही जोडलेली होती. आयजीजी हे आयजीईहून वेगळे प्रतिद्रव्य, आणि ते सापडणे हे त्या पदार्थाशी शरीराचा परिचय झाल्याचे लक्षण आहे. जे अन्न आपण नेहमी खातो त्याविरुद्ध ते निरोगी माणसाच्या रक्तातही असते. युरोपातील ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केले होते की अन्नाच्या ॲलर्जीचे किंवा असहिष्णुतेचे निदान करण्यासाठी ही चाचणी करू नये, आणि अमेरिका व कॅनडातील संघटनांचीही भूमिका तीच आहे. जिची निदानासाठी शिफारसच नाही अशी चाचणी लहान लेकराच्या पॅकेजमध्ये घालून गरीब शेतकऱ्याकडून तिचे पैसे घेणे हे मला सरळ अन्यायाचे वाटते. केसांचा नमुना घेऊन ॲलर्जी सांगणाऱ्या जाहिरातीही मोबाइलवर येतात, त्यांना तर कसलाच आधार नाही.

नागपूरच्या दवाखान्याचा अनुभव याच्या अगदी उलट होता, आणि त्याची सुरुवात फोनवरच झाली. वेळ देताना तिथल्या बाईंनी दोन सूचना न विसरता दिल्या. खाज थांबवणारे सिरप चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगून तपासणीपूर्वी आठवडाभर बंद ठेवायचे, आणि त्या दिवशी मुलीच्या हाताच्या आतल्या बाजूला कोणतेही मलम लावायचे नाही. शहरातल्या माणसाला ही बाब किरकोळ वाटेल. ज्याला पहाटेची एसटी धरून, मजुरी बुडवून यायचे आहे, त्याला मात्र टेबलावर पोहोचल्यावर “सिरप चालू आहे का? मग आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या” हे ऐकावे लागणे किती महागात पडते हे आम्हीच जाणतो. ॲलर्जी तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने ही सूचना मराठीत लिहून आधी पाठवावी.

डॉक्टरांनी आमच्या हातातला जाड अहवाल घेतला, बाजूला ठेवला आणि आधी मुलीला तपासले. घरात आणखी कोणाला रात्रीची खाज सुटते का, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे का, हे त्यांनी पहिल्यांदा विचारले, कारण खेड्यात इसब म्हणून आलेली खाज पुष्कळदा खरूज निघते आणि तिच्यावर घरातल्या सर्वांनीच एकदम उपचार घ्यावे लागतात. मग प्रत्येक पदार्थाची चौकशी सुरू झाली. “आजी, पोळी खाल्ल्यावर हिला कधी काही झालं का? तास-दोन तासांत अंगावर गांधी, उलटी, ओठ सुजणं?” आजी म्हणाली, “नाही जी, रोजच तर खाते.” दूध? रोज पिते. शेंगदाण्याची चटणी? मागून घेते. वरण? त्याच्याशिवाय भात गिळत नाही. अंडे? इथे आजी थबकली आणि मुलीच्या मामाकडची गोष्ट निघाली. ऑम्लेटचे दोन घास खाल्ल्यावर पाव तासात ओठ सुजले होते आणि पोटावर गांधी उठल्या होत्या. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेल्या पदार्थांपैकी फक्त अंड्याखाली रेघ ओढली.

या दवाखान्याचे खरे मोल या चौकशीत आहे असे माझे ठाम मत आहे. शेतकऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. माती परीक्षणाचा कागद हाती आला तरी त्या वावरात मागील हंगामात काय पेरले होते आणि पाणी कुठे साचते हे विचारल्याखेरीज जाणकार माणूस खताची मात्रा सांगत नाही.

प्रत्यक्ष टोचणी चाचणी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी ती जरा सविस्तर सांगतो, कारण ‘सुया टोचतात’ या धसक्यानेच पुष्कळ घरे मागे फिरतात. मुलीला आजीच्या मांडीवर बसवले. मनगटापासून कोपरापर्यंतच्या स्वच्छ कातडीवर पेनाने बारीक खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेशेजारी अर्काचा एकेक थेंब ठेवला. त्यांत एक थेंब हिस्टामिनचा होता, ज्याने गांधी उठायलाच हवी, आणि एक साध्या मीठपाण्याचा, ज्याने उठता कामा नये. हे दोन थेंब नसतील तर ती चाचणी धरू नये. मग प्रत्येक थेंबातून लहानशा टोकाने कातडीचा वरचा पापुद्रा जेमतेम टोचला. रक्त आले नाही. पंधरा मिनिटे हात खाजवू न देणे हेच सर्वांत कठीण काम होते, आणि परिचारिकेने ते मुलीला बांगड्या मोजायला लावून निभावले. हिस्टामिनच्या जागी मच्छर चावल्यासारखी फुगी आली, मीठपाण्याची जागा सपाट राहिली. अंड्याची फुगी पारदर्शक पट्टीने मोजली तेव्हा ती ७ मिलिमीटर भरली. मीठपाण्याच्या तुलनेत ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी फुगी ‘पॉझिटिव्ह’ धरतात. दुधाची जेमतेम २ होती, गहू आणि शेंगदाण्याच्या जागी काहीच नव्हते. हरभऱ्याचा तयार अर्क त्यांच्याकडे नव्हता, म्हणून आम्हाला आधीच सांगून घरचे बेसन आणायला लावले होते आणि ते भिजवून त्यानेच टोचून पाहिले. तीही जागा सपाट. आपल्याकडे जे खाल्ले जाते ते तपासण्याची ही तयारी मला फार मोलाची वाटली.

टोचणी चाचणीची मर्यादाही डॉक्टरांनी झाकून ठेवली नाही. ती ‘नाही’ म्हणाली तर त्या पदार्थाने झटपट उठणारी ॲलर्जी नसण्याची खात्री ९५ टक्क्यांहून अधिक धरता येते. ‘हो’ म्हणाली तर मात्र खरी ॲलर्जी असण्याची शक्यता साधारण निम्मीच असते, आणि म्हणून इतिहासाशी मेळ घालावाच लागतो. आमच्या मुलीच्या अंड्याबाबत इतिहास, रक्त आणि कातडी तिन्ही एका बाजूला होती, त्यामुळे अंडे बंद. गव्हाचा रक्तातला आकडा काहीही असो, रोजची पोळी निर्वेध पचते, त्यामुळे गहू चालू. दूध, तूर, हरभरा आणि शेंगदाणाही चालूच.

पचणारे अन्न उगाच बंद केले तर नुकसान केवळ वजनाचे होत नाही, हे मला या भेटीत नव्याने कळले. इसब असलेल्या मुलाचा एखादा पदार्थ दीर्घकाळ बंद ठेवला तर शरीराची त्याविषयीची सवय मोडू शकते आणि पुन्हा खाल्ल्यावर पूर्वी कधी न झालेला तीव्र त्रास होऊ शकतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात अशा मुलांपैकी सुमारे १९ टक्के मुलांना नव्याने झटपट त्रास झाल्याचे नोंदले गेले. दुसऱ्या बाजूने, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील मोठ्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना नियमित शेंगदाणा दिला गेला. पाचव्या वर्षी त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी, शेंगदाणा न दिलेल्या गटापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. तीव्र इसब असलेल्या बाळाला शेंगदाणा पहिल्यांदा द्यायचा तो डॉक्टरांना विचारूनच, आणि दाणा म्हणून नव्हे, मऊ करून, कारण अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो. हे माहीत असलेली आई लाल खुणेच्या पत्रकापुढे सहजासहजी मान तुकवणार नाही.

काही काळाने अंड्याची पुढची पायरी झाली. अंड्याची ॲलर्जी असलेल्या दहांपैकी साधारण सात मुलांना केकमध्ये नीट भाजलेले अंडे सोसते, आणि ते सोसले तर आहारातली बंधने बरीच सैल होतात. ही परीक्षा घरी करायची नसते. दवाखान्यात सकाळी बोलावून आधी केकचा चिमूटभर चुरा दिला, काही वेळ पाहिले, मग थोडा मोठा तुकडा, असे वाढवत नेले. तीव्र त्रास झाल्यास द्यायचे अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन वजनानुसार मात्रा काढून शेजारच्या ट्रेमध्ये तयार होते. शेवटचा तुकडा खाल्ल्यावरही दोन तास थांबवून घेतले. मुलीला काहीही झाले नाही. ॲलर्जीच्या निदानात अंतिम शब्द अशा देखरेखीखालच्या खाण्याचा असतो, म्हणून जो दवाखाना फक्त टोचून आणि यादी देऊन मोकळा होतो त्याची सेवा मी अर्धीच मानीन.

एवढे झाल्यावर इसबाचे काय, हे लिहायलाच हवे, कारण बहुतेक पालक ‘एकदा ॲलर्जी सापडली की इसब जाईल’ या आशेनेच पैसे गोळा करतात. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या लहान मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना अन्नाची ॲलर्जी असते. ती असली तरी इसबाचे मूळ कातडीचा बांध कच्चा असण्यात आहे. हा बांध पक्का ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातील दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये पुढे आला. असा बांध फुटका असला की आतला ओलावा उडतो आणि बाहेरचे घटक आत शिरतात. म्हणून अंडे बंद केल्यावरही आमच्या डॉक्टरांनी खरा भर दिला तो मलमांवर. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांची अंघोळ (चुलीवरचे कढत पाणी नको), अंग टिपून लगेच ओलावा टिकवणारे साधे मलम, आणि ते हात आखडता न घेता, आठवड्याला पाव किलोच्या हिशेबाने. लाल चट्ट्यांवर सांगितलेले सौम्य स्टेरॉइड, मोठ्या माणसाच्या बोटाच्या पेरावर मावेल एवढे, मोठ्या माणसाच्याच बोटांसह दोन तळव्यांइतक्या जागेसाठी. पौष-माघातली कोरडी थंडी आणि वैशाखातला घाम अशा दोन्ही काळांत हे कसे बदलायचे तेही त्यांनी समजावले.

सुरुवातीला ज्या मलमाचा उल्लेख केला ते बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असते. लावताच लाली पळते म्हणून त्याचा बोलबाला होतो. लहान मुलाच्या कातडीवर ते महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ पडते आणि गजकर्ण असेल तर ते दबून पसरते. २०१८ पासून त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला केंद्र सरकारने बंदी केली आहे, तरी गावोगाव ती मागताच मिळतात.

उणिवा नागपूरच्या दवाखान्यातही आहेत. शुल्क मजुरी करणाऱ्या घराला झेपणारे नाही, तपासणी आणि देखरेखीखालचे खाणे वेगवेगळ्या दिवशी ठेवल्याने लांबून येणाऱ्याचा खर्च वाढतो, आणि हाती दिलेला अहवाल संपूर्ण इंग्रजीत होता. काय टाळायचे, चुकून अंडे पोटात गेले आणि श्वास लागू लागला तर काय करायचे, हे डॉक्टरांनी तोंडी मराठीत फार चांगले सांगितले. तेच घराच्या भिंतीवर आणि अंगणवाडीत लावता येईल अशा मराठी कागदावर मिळायला हवे होते. आम्ही मागितल्यावर त्यांनी हाताने लिहून दिले, त्याबद्दल त्यांचे आभार.

ज्या मुलाचे इसब सौम्य आहे, मलमांनी आटोक्यात राहते आणि ज्याला कोणताही पदार्थ खाऊन झटपट त्रास झालेला नाही, त्याला यांपैकी कोणत्याही तपासणीची गरज नाही. त्यासाठी पदरमोड करू नये. पाच वर्षांखालील मुलाचे इसब नीट उपचार करूनही हटत नसेल किंवा खाल्ल्यावर दोन तासांच्या आत गांधी, सूज, उलटी असे काही झाले असेल, तर मात्र जावे. नागपूरचे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि वर्ध्याजवळील सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये येथे त्वचारोगाचे आणि बालरोगाचे विभाग आहेत, तिथे आधी कातडी दाखवावी आणि तपासणी हवी की नको हे त्यांना ठरवू द्यावे. जाताना मुलाने काय खाल्ले आणि किती वेळाने काय झाले याची तारखेसह वही, पुरळ उठले तेव्हाचे मोबाइलवरचे फोटो आणि घरात असलेली सगळी मलमे पिशवीत घालून न्यावीत. तालुक्याच्या केंद्रातून ‘इतक्या पदार्थांचे पॅकेज’ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, आणि आयजीजीची यादी तर कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. आमच्या मुलीची अंड्याची चाचणी वर्षभराने पुन्हा होणार आहे, कारण अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वय वाढते तशी जाते.